गाडी चोरीला जाऊ नये म्हणून घरच्या घरी करता येण्यासारखा बंदोबस्त

पहिली गाडी घेऊन माणूस ॲक्सेसरीजच्या दुकानात शिरला की त्याला आधी सायरन दाखवतात. मला हा क्रम पटत नाही. रात्री दोनला गल्लीत गाडीचा सायरन वाजायला लागला तर लोक कूस बदलतात, फार तर खिडकी लावून घेतात. खाली उतरून कुणी बघत नाही. तेवढ्याच पैशात आणि थोड्या मेहनतीत याहून कितीतरी कामाच्या गोष्टी होतात. आधी चाव्यांचा हिशेब लावा. मग रोज रात्री न कंटाळता लावता येईल असं एक लोखंडी कुलूप घ्या. त्यानंतर लपवलेला स्विच, मग ट्रॅकर. आणि हे सगळं चालू असताना विम्याचे कागद नीट करून ठेवा.

ज्यांची गाडी सोसायटीच्या आत जागा नसल्याने रस्त्याकडेला किंवा मोकळ्या मैदानात उभी राहते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बहुतेक कामं स्वतःला करता येतात. जिथे वायर कापायची वेळ येते तिथे ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि शेजारी उभं राहून काम करून घ्या.

चाव्या

गाडीसोबत दोन चाव्या मिळतात. त्यातली दुसरी आत्ता कुठे आहे, हे पहिलं बघा. कपाटात असेल तर छान. ड्रायव्हरकडे, गाडी धुणाऱ्याकडे किंवा सोसायटीच्या केबिनमधल्या खिळ्यावर असेल तर आजच परत आणा. गाडी बाहेरून धुवायला चावी लागत नाही. आतून साफसफाई करून घ्यायची असेल तर रविवारी स्वतः दार उघडून द्या, काम होईपर्यंत तिथेच थांबा.

जुनी गाडी घेतली असेल तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा. आधीच्या मालकाने दोन चाव्या दिल्या म्हणजे तिसरी नाहीच, असं होत नाही. गाडी विकायची आणि ठेवून घेतलेल्या चावीने तीच परत पळवायची, असले प्रकार उघडकीस आलेले आहेत. चावीत चिप असलेली गाडी असेल (ती चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही) तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दोन्ही चाव्या घेऊन जा आणि सांगा, ‘या दोन सोडून बाकी सगळ्या चाव्या गाडीच्या मेमरीतून काढून टाका.’ हे होतं. पैसे लागतात, पण जुन्या गाडीवरचा हा पहिला खर्च समजा. आधीच्या मालकाने बसवलेला एखादा ट्रॅकर आत राहिलाय का, तेही त्याच दिवशी तपासून घ्या.

फार जुन्या गाड्यांच्या चावीत चिप नसते. मारुती ८०० किंवा सुरुवातीची ओम्नी यांच्या चाव्या म्हणजे नुसती धातूची पट्टी. अशा गाडीला पुढचं लोखंडी कुलूप आणि स्विच ही दोन्ही कामं सोडू नका.

बटण दाबून सुरू होणारी, म्हणजे कीलेस गाडी असेल तर तिची चावी सतत बारीकसा सिग्नल देत-घेत असते. हा सिग्नल घराच्या दारापासून खाली उभ्या गाडीपर्यंत ओढून नेणारी उपकरणं चोरांकडे असतात. गाडीला वाटतं चावी जवळच आहे, दार उघडतं. याला तोड म्हणजे सिग्नल अडवणारा पाउच. तो ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पण विकत घेतला म्हणून विसंबू नका. चावी पाउचमध्ये घाला, पाउच बंद करा, गाडीला अगदी खेटून उभे राहा आणि हँडलवरचं बटण दाबा. दार उघडलं तर पाउच कुचकामी. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा याच पद्धतीने तपासून वापरता येतो, काही डबे चालतात आणि काही अजिबात चालत नाहीत. पाउचच्या आतलं अस्तर घड्यांवर झिजतं, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी ही चाचणी पुन्हा करा. दुसऱ्या चावीलाही पाउच हवा, तिचा सिग्नल कपाटातूनही जातो. काही टोयोटा गाड्यांच्या चावीला झोपवण्याची सोय आहे: लॉकचं बटण दाबून धरायचं आणि अनलॉक दोनदा दाबायचं. तुमच्या गाडीत असं काही आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा.

व्हॅले पार्किंगला गाडी देताना चावीच्या जुडग्यात घराची चावी ठेवू नका. गाडी विकायला काढली असेल तर बघायला आलेल्या माणसाला एकट्याला चक्कर मारायला देऊ नका आणि चावी त्याच्या हातात गेली तर परत घेताना ती आपलीच आहे ना, हे तिथल्या तिथे लावून बघा. चावी बदलून हातात ठेवणारे लोक असतात.

लोखंडी कुलूप

इथे दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोन्हींवर लोकांची ठाम मतं असतात. स्टेअरिंग लॉक म्हणजे स्टेअरिंगला आडवा बसणारा, लाल किंवा पिवळ्या रंगाचा दांडा. तो बाहेरून दिसतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. रांगेत पाच गाड्या उभ्या असतील तर चोर दांडा नसलेली निवडेल. दोष असा की स्टेअरिंगची कडा आतून फार मजबूत नसते, ती कापली की दांडा निघतो. घेताना दांडा हातात धरून वजन बघा. पोकळ नळीचा असेल तर ठेवून द्या. बसवल्यावर तो डॅशबोर्डला किंवा काचेला टेकला पाहिजे, म्हणजे स्टेअरिंग पूर्ण फिरणार नाही.

दुसरा गिअर लॉक. मॅन्युअल गाडीत तो रिव्हर्स गिअरमध्ये लिव्हर अडकवून ठेवतो, ऑटोमॅटिकमध्ये पार्कमध्ये. माझा कौल यालाच. तो गाडीच्या सांगाड्याला बोल्ट करून बसवतात आणि चांगल्या लॉकच्या बोल्टची डोकी घट्ट केल्यावर मुद्दाम तुटून पडतात, म्हणजे पाना लावून तो सोडवता येत नाही. बसवताना तिथे उभे राहून बघा की डोकी खरंच तुटली का. घाईत साधे बोल्ट मारून देणारे फिटर आहेत. लॉकसोबत चावीच्या नंबरचं एक कार्ड मिळतं. ते गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत न ठेवता घरी ठेवा.

क्लच किंवा ब्रेकच्या पेडलला लावायचं कुलूपही मिळतं. मजबूत असतं, पण त्यासाठी रोज वाकून पायाशी हात घालावा लागतो. आठवड्याभरात कंटाळा येतो आणि ते डिकीत जाऊन पडतं. कुलूप निवडताना हाच निकष लावा: पावसात, हातात भाजीच्या पिशव्या आणि मागच्या सीटवर झोपलेलं पोर असताना तुम्ही ते लावाल का?

अँटी-थेफ्ट उपकरण पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं असेल तर जुन्या मोटार टॅरिफ या विम्याच्या नियमावलीप्रमाणे ‘ओन डॅमेज’ म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळते. रक्कम किरकोळ आहे. तरी दुकानदाराकडून प्रमाणपत्र मागून घ्या, कारण गाडीची काळजी घेतली होती याचा तो लेखी पुरावा असतो.

फ्यूज काढून ठेवणं

हे काम फुकटात होतं. गणपतीला आठ-दहा दिवस कोकणात जायचंय, रेल्वेने निघालोय आणि गाडी खाली उभी आहे, अशा वेळेसाठी उत्तम.

इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. मॅन्युअलमधल्या आकृतीवरून फ्यूज बॉक्स शोधा. एक बहुतेक बॉनेटखाली बॅटरीजवळ असतो, दुसरा डॅशबोर्डच्या खाली. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. त्यावर फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) शोधा. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बॉक्समध्येच प्लास्टिकचा छोटा चिमटा असतो, त्याने फ्यूज सरळ वर ओढा. नसेल तर बोटांनी हळूहळू हलवत काढा, पक्कडीने आवळू नका, प्लास्टिक तडकतं.

आता चावी लावून गाडी सुरू करून बघा. नळीत शिल्लक असलेल्या पेट्रोलच्या दाबावर इंजिन क्षणभर पकडेल आणि बंद पडेल. असं झालं तर फ्यूज बरोबर काढलाय.

रिकामी जागा चोराला लगेच दिसते, म्हणून आणखी एक युक्ती करा. इलेक्ट्रिशियनकडून त्याच अँपिअरचा जळालेला फ्यूज मागून आणा आणि चांगल्याच्या जागी तो बसवा. वरून बघितलं तर रंग तोच, जागा भरलेली. अंधारात घाईने बघणाऱ्याला आतली तार तुटलेली दिसत नाही. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. परत बसवताना रंग तोच पाहिजे. १५ च्या जागी ३० घातला तर वायर तापेल, पण फ्यूज उडणार नाही आणि गाडीला आग लागायची वेळ येईल. एअरबॅगचा फ्यूज आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरी यांना कुठल्याही कामात हात लावू नका.

रोज मात्र हे करू नका. सतत काढ-घाल केल्याने फ्यूजचे खाचे सैल होतात आणि मग गाडी चालती असताना बंद पडू शकते. रोजच्यासाठी स्विच.

काही जण गावाला जाताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवतात. दहाच्या पान्याने दोन मिनिटांत होतं, बॅटरीही उतरत नाही. पण मग अलार्म आणि वायरने जोडलेला ट्रॅकर यांनाही वीज मिळत नाही, हे लक्षात घेऊन ठरवा.

लपवलेला स्विच

तत्त्व सोपं आहे. गाडी सुरू होण्यासाठी लागणाऱ्या एका सर्किटमध्ये आपल्यालाच माहीत असलेलं एक बटण घालायचं. ते बंद असेल तर चावी मिळूनही गाडी सुरू होत नाही. तुलनेने स्वस्त असूनही हा उपाय चांगला आहे, कारण प्रत्येक गाडीत बटणाची जागा वेगळी असते आणि चोराला ते शोधायला वेळ घालवावा लागतो.

कुठलं सर्किट तोडायचं यावर मात्र विचार करा. फ्युएल पंपाचं तोडलं तर गाडी ढकलूनही सुरू होणार नाही. पण स्विच खराब झाला किंवा जोड ढिला पडला तर हायवेवर शंभरच्या वेगात इंजिन बंद पडेल, पॉवर स्टेअरिंग जड होईल, ब्रेकला मिळणारी मदतही संपत जाईल. स्टार्टरचं तोडलं तर असा धोका नाही, कारण एकदा सुरू झालेल्या इंजिनाला स्टार्टर लागत नाही. त्याची कमतरता अशी की मॅन्युअल गाडी उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये सुरू करता येते. नवख्या माणसाला मी स्टार्टरच सांगतो. गिअर लॉक रिव्हर्समध्ये लावलेला असेल तर ढकलून सुरू करायचा प्रश्नच उरत नाही. म्हणून ही दोन्ही एकत्र वापरा.

स्टार्टरला जाणारी जाड तार कधीही कापायची नाही, तिच्यातून फार मोठा करंट जातो. तोडायची ती स्टार्टर रिलेच्या कॉइलची बारीक तार. तिथे साधा, लहान पण चांगल्या प्रतीचा स्विच पुरतो. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवलेले किंवा नीट क्रिंप केलेले, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवलेले हवेत. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा प्रकार उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळेपर्यंतच टिकतो. इलेक्ट्रिशियनला हे कामाआधीच सांगा आणि जोड झाकण्याआधी स्वतः ओढून बघा.

बटण स्टेअरिंगच्या खाली लावू नका, तिथे सगळ्यात आधी हात जातो. सीटच्या खालची कड, ग्लोव्ह बॉक्सच्या मागची जागा, मागच्या प्रवाशाच्या पायाशी असलेलं गालिच्याचं टोक, अशा जागा बघा. सीटबेल्ट लावल्यावर सहज हात पोचतो का, ते आधी बसून तपासा. घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला जागा माहीत हवी, नाहीतर एखाद्या रात्री दवाखान्यात जायच्या वेळी गाडी सुरू होणार नाही. सर्व्हिसिंगला देताना स्विच चालू करून ठेवा आणि त्याबद्दल बोलू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. ते नाही म्हणाले तर वॉरंटी संपेपर्यंत गिअर लॉक आणि ट्रॅकरवर भागवा.

ओबीडी पोर्ट

स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा खाचांचं एक सॉकेट असतं. मेकॅनिक त्याला स्कॅनर लावून दोष वाचतो. याच सॉकेटमधून बऱ्याच गाड्यांना नवी चावीही शिकवता येते, म्हणून चोरालाही त्यात रस असतो. यावर लावायचं लोखंडी झाकण कुलपासकट मिळतं. नवीन गाडी असेल आणि कीलेस असेल तर हे जरूर घ्या. झाकणाची चावी गाडीत ठेवू नका. सर्व्हिसिंगच्या दिवशी सोबत न्या.

ट्रॅकर

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरीनंतरचे पहिले काही तास कामाला येतो. दोन प्रकार. सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि दर काही सेकंदांनी जागा कळवतो. घेताना आत स्वतःची छोटी बॅटरी आहे का ते विचारा, कारण चोर मुख्य तार तोडतो. ओबीडीत खोचायचा ट्रॅकर घेऊ नका. एका हाताने निघतो. सिमचं रिचार्ज संपल्याने ट्रॅकर महिनोन्महिने बंद पडून असल्याची तक्रार फार ऐकू येते. मोबाइलमध्ये दर रविवारचा गजर लावा आणि त्या दिवशी ॲप उघडून गाडी नकाशावर दिसते का बघा.

दुसरा प्रकार एअरटॅगसारखा, नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर चालणारा. त्याला सिम नाही. आजूबाजूच्या आयफोनच्या आधाराने तो जागा सांगतो. ठाणे, पुणे, नाशिकच्या वस्तीत चांगला चालतो, घाटात किंवा आडगावात गप्प होतो. अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय, असा इशारा तो थोड्या वेळाने जवळच्या फोनला देतो. ती सोय लोकांचा पाठलाग होऊ नये म्हणून आहे आणि ती असायलाच हवी. त्याचा अर्थ इतकाच की चोरालाही इशारा जाऊ शकतो, म्हणून पहिल्या तासाला महत्त्व.

कुठे लपवायचा? सीटच्या फोममध्ये, हेडरेस्टच्या कव्हरमध्ये, मागच्या बंपरच्या आतल्या प्लास्टिकमागे. चहूबाजूंनी पत्रा असलेल्या जागी सिग्नल मरतो. डॅशबोर्डवर काचेखाली ठेवू नका. मे महिन्यात जळगाव-नागपूरकडे उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की सेल टिकत नाही.

आणि नकाशावर गाडी दिसली म्हणून स्वतः तिथे जाऊ नका. ११२ ला फोन करा, ठिकाणाचा दुवा पोलिसांना पाठवा.

सुट्टे भाग

अनेक चोऱ्या गाडीच्या नसतात, गाडीच्या भागांच्या असतात. मारुती ईकोचा सायलेन्सर हे याचं ठळक उदाहरण. महाराष्ट्र आणि गुजरातेत हे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी अनेकदा पकडल्यात. सायलेन्सरच्या मार्गात बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात आणि ईकोची उंची अशी की चोर सहज खाली सरकतो. ईको असेल तर वेल्डरकडून कन्व्हर्टरभोवती सळईचा पिंजरा करून घ्या. पिंजरा चासिसला बोल्टने धरलेला असावा, कन्व्हर्टरला चिकटलेला नको, तो भाग भयंकर तापतो. वेल्डिंग करताना बॅटरीची तार सोडवायला लावा आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते वेल्डरला दाखवा. हे नको असेल तर किमान नटबोल्टवर वेल्डिंगचे टाके मारून घ्या.

गाडीखाली लटकणारी स्टेपनी असेल, जशी अर्टिगा किंवा इनोव्हात असते, तर स्टेपनी लॉक घ्या. अलॉय चाकं असतील तर प्रत्येक चाकाला एक लॉक नट; त्याची सॉकेट डिकीत जॅकजवळ न ठेवता दुसरीकडे ठेवा, पण पंक्चर झाल्यावर तुम्हाला सापडेल अशी.

गाडीत काही दिसेल असं ठेवू नका, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लॅपटॉपची बॅग सीटवर राहतेच. सिग्नलला कुणी काच ठोकून ‘तेल गळतंय’ किंवा ‘खाली पैसे पडलेत’ म्हणालं तर काच वर, दारं लॉक, गाडी पुढे. शंभर-दोनशे मीटरवर पेट्रोल पंपावर थांबून बघा.

गाडीवर खुणा

चोरलेल्या गाडीची नंबरप्लेट बदलते, चासिस नंबरही खरवडतात, किंवा अपघातात मोडीत निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा नंबर हिला चढवतात. मेरठचा सोतीगंज बाजार अशा गाड्यांच्या सुट्या भागांसाठी कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. अशा वेळी गाडी आपलीच आहे हे सिद्ध करायला आपल्या खुणा लागतात.

काच कोरायचं क्रीम आणि अक्षरांचा स्टेन्सिल आणा. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात चासिस नंबरचे शेवटचे सहा-सात अंक कोरा. स्टेन्सिलच्या कडा बोटाने दाबून घट्ट बसवा, क्रीमचा जाड थर द्या, डब्यावर लिहिलेला वेळ थांबून ओल्या फडक्याने पुसा. क्रीम आम्लधर्मी आणि कातडीला घातक असतं, म्हणून रबरी हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा हवीच. रंगावर ओघळू देऊ नका. कोरलेल्या काचा बदलायच्या तर चोराचा खर्च वाढतो. शिवाय एक न दिसणारी खूण करा: दाराच्या आतल्या पॅनेलमागे किंवा सीटच्या कव्हरखाली नाव लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. त्या जागेचा फोटो तारखेसह जपून ठेवा.

उभी कुठे करायची

दिव्याखाली, शक्यतो तोंड भिंतीकडे करून, पुढची चाकं पूर्ण वळवून आणि हँडब्रेक ओढून. अशी गाडी ओढून नेणं कठीण जातं. सोसायटीत कॅमेरा असेल तर एकदा रात्रीचं रेकॉर्डिंग बघा. गेटमधून जाणाऱ्या गाडीचा नंबर वाचता येत नसेल, नुसता हेडलाइटचा पांढरा गोळा दिसत असेल, तर कॅमेरा थोडा खाली आणि तिरका करायला सांगा. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं तेही विचारून ठेवा.

कागद

मूळ आरसी आणि विम्याची पॉलिसी गाडीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधली प्रत पोलिसांना चालते. सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० तर कुठेच ठेवू नका, ते मालकी बदलाचे अर्ज आहेत.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी हवी, आणि तिच्यावर लिहिलेली आयडीव्ही म्हणजेच चोरी झाल्यावर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. टॅरिफप्रमाणे एक ते दोन वर्षं जुन्या गाडीला २० टक्के, चार ते पाच वर्षं जुन्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही खाली आणतो. पॉलिसी घेताना हा आकडा स्वतः वाचा. गाडी नवी असेल तर ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जोडकलम घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन, त्यात बिलाच्या किमतीपर्यंतचा फरक भरून निघतो.

क्लेमच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक आधीच हरवली असेल तर तेव्हाच पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, कंपनीला मेल पाठवा आणि नवीन चावीचं बिल सांभाळा. चावी गाडीतच ठेवून गेलात आणि गाडी गेली, तर निष्काळजीपणाच्या मुद्द्यावर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

तरीही गेलीच तर

आधी वाहतूक पोलिसांनी टो केली आहे का ते विचारा. कर्जाचे हप्ते थकले असतील तर फायनान्सवाल्यांकडेही चौकशी करा. नसेल तर लगेच ११२, आणि मग जवळचं पोलीस ठाणं. गाडी दुसऱ्या हद्दीतून गेली म्हणून तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट आहे आणि एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा हक्कही त्यातच आहे. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

फास्टॅग लगेच बंद करू नका. चोराने तो काढला नसेल तर पहिल्या टोलनाक्यावर पैसे कापल्याचा एसएमएस तुमच्याच मोबाइलवर येतो, आणि गाडी नाशिककडे गेली की साताऱ्याकडे हे त्यातून कळतं. असा एसएमएस आला की तपास अधिकाऱ्याला वेळेसकट पाठवा.

विमा कंपनीला त्याच दिवशी फोन आणि मेल, दोन्ही. एफआयआर वेळेवर असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलंय. पण त्या आधारावर निवांत राहू नका, भांडत बसायला वर्षं जातात. आरटीओलाही लेखी कळवा, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर चढवताना अडचण येईल.

गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ’ समरीचा अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. हा कागद आल्याशिवाय क्लेमची रक्कम सुटत नाही, आणि त्याला काही महिने लागतात. त्या काळात कर्जाचा हप्ता चालूच ठेवावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर विम्याचे पैसे आधी बँकेला जातात आणि उरलेले तुम्हाला.

मधल्या काळात चोरीच्या गाडीवर ई-चलान आलं तर घाबरून भरू नका. त्या चलानवर दिलेली तारीख, वेळ, ठिकाण आणि कॅमेऱ्याचा फोटो जतन करा, पोलीस ठाण्यात द्या आणि एफआयआरची प्रत जोडून वाहतूक शाखेकडे तक्रार नोंदवा. गाडी सापडली तर ती न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्तनाम्यावर, म्हणजे लेखी हमी देऊन, ताब्यात मिळते. त्यासाठी अर्ज करताना आरसी, विमा, एफआयआर आणि काचेवर कोरलेल्या खुणांचे फोटो सोबत ठेवा, आणि गाडी ताब्यात घेतल्याचं विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा.